भागोजीचं नाक

भागोजीला वाडीत सगळे मिस्त्री म्हणायचे. ही पदवी त्याला कोणी दिली विचाराल, तर त्यानंच. मुंबईला गोदीच्या मागं एका बर्फाच्या कारखान्यात तो काही वर्षं होता. काय होता? तर मशिनांना तेल घालणारा. पण देश स्वतंत्र झाला त्या सुमारास कारखाना सोडून तो थळच्या अलीकडच्या आपल्या कोळीवाडीत परत आला तो अशा थाटात, की बर्फ ही वस्तू जगाला ह्यानंच दाखवली. त्या कारखान्यातल्या मशिनात अमोनिया असायचा. त्याची गळती लागली की डोळ्यांतून पाणी आणि नाकाला झिणझिण्या.

"मिंगेल फोरमन मनाच बोलवायचा," भागोजी सांगायचा. "बोलायचा, भागोजी, तुजं नाक लाव. मी नाक लावलं का गळती गावलीच."

आणि तो नाकावर बोट ठेवायचा. ऐकणारे म्हातारे, बाया, सगळे त्या नाकाकडं बघत बसायचे. नाक चांगलं मोठं होतं, ते खरं.

पोट मात्र त्या नाकावर भरत नव्हतं. त्याचा खरा धंदा बापाकडून आलेला, होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचा. कापसाचा पीळ राळेत आणि तेलात भिजवायचा, फटीत घालायचा, वरून मोगरीनं ठासायचा. भागोजीनं ठासलेली होडी सबंध हंगाम पाणी आत घ्यायची नाही. त्या कामात त्याच्या तोडीचा माणूस रेवसपासून आगरदांड्यापर्यंत नव्हता, एवढं मला मान्य करावंच लागतं. पण गंमत बघा, ज्या कामात तो खरोखर मिस्त्री होता त्याचं नाव काढलं की ह्याचं तोंड आंबट व्हायचं. होड्यांचं काय, ते कुणीही करील, म्हणायचा.

फटीत घालायचं तेल मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं. मुशीची काळजं मोठ्या टोपात कढवून ते काढायचं काम त्याची थोरली बहीण आवडाबाई करायची. ती विधवा, मूलबाळ नाही, भागोजीला तिनंच लहानाचा मोठा केलेला. भागोजीनं लग्न केलं नव्हतं, कारण मिस्त्रीच्या तोलामोलाची मुलगी कुठं मिळत नव्हती म्हणे. दोघं भाऊबहीण एका झापाच्या घरात राहायची, आणि घराच्या दारातच तो टोप रटरटत असायचा. मी पेणच्या आतल्या बाजूचा भातवाला कुणबी. मासळी खातो, वासाला भिणारा माणूस मी नव्हे. पण त्या तेलाचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ओलं घोंगडं तोंडावर दाबलंय. वाडीत तो कुणाला येतच नव्हता. जन्मल्यापासून त्यातच, तर येणार कुठून?

मी ह्या सगळ्यात आलो तो वेलजी शेठचा ड्रायव्हर म्हणून. शेठ मुंबईचे, कापसाचे मोठे व्यापारी. त्यांनी वाडीला लागून माडांची बाग घेतली आणि बंगला बांधला. कशाला? तर हवा खायला. आणि इथं आल्यापासून त्यांची एकच तक्रार, ती हवेची. वारा आला की धोतराचा सोगा नाकाला. मुंबईत कापसाच्या गोदामात बसून धूळ खाणारा हा माणूस इथं समुद्राच्या वाऱ्याला नावं ठेवत हिंडायचा.

शेठची गाडी अमेरिकन होती. वकिलातीतला कुणी साहेब मायदेशी परतताना विकून गेला, ती ह्यांनी घेतली. पिस्त्याच्या रंगाची, लांबच लांब, आणि तिच्यात थंड हवेचं मशीन. बोनेटखाली पंप, तिथून तांब्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून मागं डिकीत, डिकीत गार होणाऱ्या नळ्यांची एक पेटी आणि पंखा. पंख्याचा वारा मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या डोक्यावरून आत यायचा. ड्रायव्हरला त्यातलं उरलंसुरलं मिळायचं. नळ्यांतून गॅस फिरतो म्हणून गारवा येतो, एवढंच मला ठाऊक. धरमतरला गाडी फळ्यांवरून पडावात चढवायची, खाडी पार करून पुन्हा उतरवायची. प्रत्येक खेपेला खारं पाणी तिच्या पोटाला लागायचं. दुसऱ्याच उन्हाळ्यात मशीन बसलं. सत्तावन्न साल असावं. वैशाखाचं ऊन, गाडीच्या काचा खाली, आणि बंगल्याचा रस्ता नेमका त्या वाळूवरून जाणारा, जिथं वाडीच्या होड्या वर ओढलेल्या असत.

सगळं घोडं त्या वाळूवर अडलं होतं. बाकीचा किनारा खडकाळ. पावसाळ्यात होड्या वर घ्यायला वाडीला तेवढीच एक जागा. फटी बुजवायच्या तिथंच, तेल लावायचं तिथंच. शेठनं बाग घेतली तेव्हा ती वाळू मोजणीत त्यांच्याकडं आली होती आणि तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण त्या वैशाखात शेठनं खांब मागवले, काटेरी तारेची भेंडोळी मागवली. पावसाळ्याआधी वाळूला कुंपण. होड्या कुठं न्यायच्या ते तुमचं तुम्ही बघा. वाडीतले लोक बंगल्यावर जाऊन पाया पडले, तर शेठ व्हरांड्यातनंच बोलले, नाकाला रुमाल लावून. माणसं पायरीवर आणि हा रुमालाआडून बोलतोय. मला तिथल्या तिथं गाडीची चावी त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली. फेकली नाही. पगार चांगला होता.

एक दिवस मी शेठना घेऊन वाळूपाशी आलो आणि शेठनं गाडी थांबवली. आवडाबाई एका होडीला तेल चोपडत होती.

"अरे भाई, हा काय वास मारते?" शेठ ओरडले. "माझी गाडी थंडी होती तवा काच बंद करून मी आरामसे जात होता. आता काच उघडा, तर हा वास!"

होडीच्या आडून भागोजी पुढं झाला. हातात मोगरी, आव मात्र कारखान्याच्या मालकाचा.

"शेठ, गाडी थंड झाली तर?"

"थंडी झाली तर मी काच बंद करेल. काच बंद तर वास नाय. वास नाय तर मला तुमच्या होडीशी काय काम? राहू दे होडी."

"मंग तार लावू नका. मी करतो. बर्फाच्या कारखान्यातला मिस्त्री हाय मी."

झालं! कुणाला विचारलं नाही, कुणाशी बोलला नाही. सगळ्या वाडीचा पावसाळा ह्यानं आपल्या नाकावर टांगून ठेवला. आणि वाडीही अशी, की लोकांनी लगेच त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आवडाबाई तेवढी हसली नाही. हातातला कुंचला टोपात बुडवत ती म्हणाली, "मशीन तू खोललंस कंदी रं?"

"बघितलंय खोलताना," भागोजी म्हणाला.

शेठनं मुंबईहून गॅसचा बाटला आणवला, गाडी बंगल्यामागच्या झापाखाली लावली आणि आपण लाँचनं मुंबईला गेले. भागोजीनं मशीन खोललं. खोलण्यात कुणाचं काय जातं? पंप खाली आला, नळ्या खाली आल्या, डिकीतली पेटी बाहेर आली. सगळं पोत्यावर मांडलं, पुसलं, पुन्हा जोडलं, थोडा गॅस आत सोडला. मग मिस्त्री गळती शोधायला बसले. म्हणजे काय, तर गाडीखाली उताणे पडून एकेका जोडाला नाक लावत सरकायचं. जोड हुंगायचा, डोळे मिटायचे, विचार करायचा, पुढं सरकायचं. वाडीतले लोक वाकून बघत होते. अंगाऱ्याला आल्यासारखी शांतता.

ह्या गाडीतला गॅस अमोनिया नव्हताच. ह्या गॅसला वास नसतो. मुंबईच्या गॅरेजमध्ये मी हे ऐकलं होतं आणि भागोजीला सांगितलंही.

"वास न्हाय आसा गॅस कंदी आसतो?" तो गाडीखालनं म्हणाला. "तू गाडी चालव, दादू."

नाकाला काही सापडेना, तेव्हा त्यानं ठरवलं की सगळेच जोड बुजवायचे. कशानं? त्याला दुसरं येत होतं काय? आवडाबाईच्या टोपातलं तेल आणलं, राळ आणली, कापसाचे पीळ वळले आणि प्रत्येक जोडाभोवती गुंडाळून ठासले. डिकीतल्या पेटीत तर त्यानं जीव ओतला. पंख्याच्या तोंडाशी, गार नळ्यांच्या बेचक्यात, जिथं फट दिसली तिथं पीळ. मग बाटल्यातला उरलेला गॅस भरला. काम सुबक होतं. होडी असती तर वर्षानुवर्षं टिकली असती. पण होडीला पाणी बाहेरून दाबतं, दाबेल तसा पीळ आत घट्ट बसतो. इथं गॅस आतून ढकलणारा. पीळ बाहेर फेकायला त्याला कितीसा वेळ? हे मला, गाडी चालवणाऱ्याला, कळत होतं. मिस्त्रीला कळत नव्हतं.

शेठ यायच्या दिवशी सकाळी मी डिकी उघडली आणि दोन पावलं मागं सरलो.

"भागोजी, आतनं वास मारतोय."

भागोजीनं डिकीत डोकं घातलं. तेच नाक, अमोनियाचं. लांब श्वास घेतला, बाहेर आला आणि माझ्याकडं असा बघत राहिला की मलाच वेड लागलंय.

"कसला वास?"

त्यानं आवडाबाईला बोलावलं. तिनंही डोकं घातलं, हुंगलं, आणि म्हणाली, "कसला वास रं?" दोघं खोटं बोलत नव्हती. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेठ आलेच.

सगळी वाडी वाळूवर जमली होती. शेठ मागच्या सीटवर बसले, काचा वर झाल्या, मी गाडी सुरू केली. गारवा आला. आला, हे मान्य. शेठनं डोळे मिटले, पाय पसरले. मग त्यांचं नाक हललं.

"दादू, काच बंद कर."

"बंदच हाय शेठ."

"पुढची बंद कर!"

"सगळ्या बंद हायत."

"मग हा..." म्हणून शेठनं वर पाहिलं. डोक्यावरच्या जाळीतून वारा येत होता, गार, आणि त्यात मुशीचं काळीज. बाहेरचा वास निदान वाऱ्यानं उडून जायचा. हा आत कोंडलेला, वर पंख्यानं फुंकलेला. शेठ दार उघडून उतरले ते थेट होड्यांच्या रांगेत जाऊन ओकले. वाडी तोंड वासून बघत राहिली. भागोजी मात्र पुढं होऊन विचारतो, "थंड झाली ना, शेठ?"

शेठनं रुमालानं तोंड पुसलं. मला म्हणाले, "गाडी इथंच ठेव. मी रेवसनं लाँचला जातो. परत येईल तवा तार लागलेली पायजे." आणि सर्व्हिस मोटार मागवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत गाडीच्या पोटाखालचे दोन पीळ फुसकन बाहेर आले आणि उरलेला गॅसही गेला. दुसऱ्या दिवशी मजूर आले आणि वाळूत खांबांसाठी खड्डे खणू लागले.

आता वाडीचं सांगतो. काल ज्याला मिस्त्री मिस्त्री म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या दारावरून लोक थुंकून जायला लागले. तांडेल होता बाळाजी, सगळ्यात मोठी होडी त्याची. त्यानं तर भर वाळूत भागोजीच्या बापाचा उद्धार केला. कालपर्यंत नाकाच्या गोष्टी ऐकायला हाच सगळ्यांच्या पुढं बसायचा. लोकांची ही जात मला पहिल्यापासून आवडत नाही.

भागोजी घरात तोंड घालून बसला. मी पाण्याच्या निमित्तानं तिकडं गेलो होतो, तर आवडाबाई चुलीपाशी बसून त्याला झाडत होती.

"जल्लं तुजं नाक! तुला येतंय काय आन न्हाय काय, ते आदी सवताला सांग. मिंगेल फोरमन हाय ना आजून? मंग जा त्याच्याकरं. पाय धर. पर शिकून ये."

"त्यो हसंल मना."

"हसूं दे. इथं होऱ्या पान्यात जातील, त्याला कोन हसनार हाय?"

तो गेला. रेवसला लाँचमध्ये बसला आणि भाऊच्या धक्क्याला उतरला. मुंबईत त्याला काय काय ऐकावं लागलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. एवढं खरं, की परत आल्यावर मिंगेल फोरमनच्या गोष्टी कायमच्या बंद झाल्या. त्याच्याबरोबर एक बारीक तोंडाचा दिवा, चांदीच्या झाळेच्या काड्या, नवी रबरं, गॅसचा नवा बाटला आणि हवा ओढून घ्यायचा एक जुना पंप एवढं सामान होतं.

ह्या वेळी तो गप्प होता. आधी त्यानं सगळे पीळ काढले, जोड रॉकेलनं धुतले, तेलानं फुगलेली रबरं फेकून नवी घातली. थोडा गॅस आत सोडला आणि नाक लांब ठेवलं. आवडाबाईनं रिठे उकळून फेस करून दिला. तो फेस काथ्याच्या कुंचल्यानं जोडाजोडाला लावत तो गाडीखाली सरकत गेला. मागच्या सीटच्या खाली, जिथं नळी पत्र्याच्या पट्टीला घासत होती, तिथं फेसातून एक बुडबुडा वर आला, फुटला, दुसरा आला. मग त्यानं दिवा पेटवला. त्याची रबराची नळी त्या जागेशी धरली, तशी निळी ज्योत हिरवीगार झाली, म्हणजे गॅस तिथंच सुटत होता. जनी म्हणून एक म्हातारी बघायला आली होती, तिनं त्या ज्योतीला हात जोडले. मी हसलो, तर तिनं मला शिव्या घातल्या.

पंपाच्या दांड्यापाशी आणखी एक गळती निघाली. भागोजीनं सगळा गॅस उघड्यावर सोडून दिला, दांड्याचं रबर पुन्हा नीट बसवलं, घासलेली नळी तेवढी कापली, नवा तुकडा घातला आणि चांदीची झाळ दिली. पट्टीखाली चामडं घातलं, म्हणजे पुन्हा घासायला नको. मग बंगल्याच्या विहिरीवरच्या इंजिनाला पट्टा लावून तो जुना पंप चालवला आणि नळ्यांतली सगळी हवा ओढून काढली. इथली हवा दमट. आत पाण्याचा थेंब राहिला तर तो गोठून नळीचं तोंड बंद करतो, असं त्याला शिकवून पाठवलं होतं. शेवटी गॅस भरला. पुन्हा फेस, पुन्हा दिवा. ज्योत निळीच राहिली.

राहिला वास. डिकीतली पेटी आवडाबाईनं घासली. गरम पाणी, रिठा, चिंच, राख, पुन्हा रिठा. उन्हात ठेवली, पुन्हा घासली. तिच्याच तेलाचा वास ती काढत होती आणि निघाला की नाही ते तिला कळत नव्हतं! भागोजीला कळत नव्हतं, वाडीत कुणालाच कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एवढे दिवस तिथं राहून मलाही कळेनासं झालं होतं. शेवटी बंगल्यावरच्या स्वयंपाकी महाराजाला बोलावलं. हा कांदासुद्धा न खाणारा, वाडीच्या बाजूची खिडकी न उघडणारा माणूस. त्याला हातापाया पडून गाडीत बसवला, काचा वर केल्या, मशीन सुरू केलं. अख्खी वाडी काचांना नाकं लावून आत बघतेय आणि आत महाराज नाक वर करून बसलेत. थोड्या वेळानं त्यांची मान एका बाजूला कलंडली. बाळाजी घाबरला, म्हणाला, मेला की काय. मेला नव्हता. गारव्यात त्याला झोप लागली होती. भागोजी खाली वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. तेव्हा मला तो आवडला. एवढ्या वर्षांत तेवढा एकदाच.

शेठ आले तेव्हा खांब उभे होते, तार लावायची बाकी होती. गाडीत बसले, मी त्यांना थळपर्यंत नेऊन आणलं. येताना वाळूवरून आलो. दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून उभी होती. शेठनं काचेबाहेर पाहिलंसुद्धा नाही. बंगल्यापाशी उतरून म्हणाले, "राहू दे होडी. पण हा भागोजी गाडीबरोबर मुंबईला येल. पुन्हा गॅस गेला तर मी कोणाला शोधेल? गाडी थंडी तवर होडी वर."

म्हणजे सौदा असा होता. भागोजीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटतंय की काय. मुंबईचा मिस्त्री! एवढी वर्षं जे थापा मारून मिळवलं होतं ते आता खरं झालं. आवडाबाईकडं मी बघितलं. वाडी नाचत होती, ती एका होडीला टेकून उभी होती. "जा," ती म्हणाली, "होऱ्या वर येतील."

होड्या वर आल्या. त्या वर्षी आल्या, पुढच्या वर्षीही आल्या. पण फटी बुजवणार कोण? चौलकडून एक माणूस यायचा, त्याचे पीळ दिवाळीपर्यंतही टिकायचे नाहीत. बाळाजीची होडी खांदेरीजवळ पाण्यानं भरली, माणसं कशीबशी पोहून आली. वाडीनं जागा राखली आणि जागेवर काम करणारा घालवला, आणि वर त्यालाच शिव्या देत बसली, की मोठा झाला, आम्हाला विसरला.

विसरला होताच म्हणा. शेठच्या गॅरेजवर त्याला खोली मिळाली, खाकी गणवेश मिळाला. अंगाला पावडर लावायला लागला. पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेला आला, दुसऱ्या वर्षी फक्त निरोप पाठवला, मग तोही नाही. मी म्हणायचो, बहिणीला भेटून ये. तर म्हणायचा, गाडी सोडून कसा जाऊ? गाडीला काय धाड भरली होती? त्यानं दिलेली झाळ एकदाही फुटली नाही.

नवा महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेठ बऱ्याच दिवसांनी बंगल्यावर राहायला निघाले, आणि भागोजीला बरोबर घेतलं. तो माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, शेठ मागं. वाळूपाशी आलो तेव्हा आवडाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार. खूप वाकली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, काखेत फडक्यात बांधलेले सुके बोंबील. मी गाडी थांबवली. ती भागोजीच्या बाजूला होती, पण त्यानं काच खाली घेतली नाही, म्हणून मी माझ्या बाजूची घेतली. ती धडपडत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. वाकून माझ्यापलीकडं बघत होती, भागोजीकडं.

भागोजीनं खिशातला रुमाल काढला.

"दादू, काच वर घे," तो म्हणाला. "वास येतो."

त्याला मी काय म्हणालो असतो ते लिहिण्यासारखं नाही. मागं शेठ बसले होते म्हणून ते तोंडातच राहिलं. आवडाबाईनं ऐकलं होतं. तिला राग आलेला दिसला नाही, वाईट वाटलेलंही दिसलं नाही. तिनं फडकं नाकाशी नेलं, मग आपला हात नेला, मग होड्यांकडं वळून वाऱ्यावर हुंगलं. तिला काहीच लागलं नाही. तिनं वाकून आत पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "कसला वास रं?"

भागोजी समोर रस्त्याकडं बघत होता. मागून शेठ म्हणाले, "दादू, काच. थंडी जाते."